कचेरीतील लेखनयंत्र आणि नवशिका : टंकलेखनाच्या वर्गापासून प्राथमिक संगणकशिक्षणापर्यंत

शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सामान्यतः शाळा, महाविद्यालय आणि विद्यापीठ या तीन संस्थांवर खिळलेले असते. या तिन्हींच्या बाहेर, बाजारपेठेतील एखाद्या दुकानाच्या माडीवर, भाड्याच्या खोलीत, तासातासाच्या तुकड्यांनी जे शिक्षण दिले गेले त्याची नोंद अहवालांत क्वचित आणि ग्रंथांत त्याहूनही क्वचित सापडते. तथापि महाराष्ट्रातील कनिष्ठ व मध्यम वर्गातील असंख्य तरुणतरुणींचा कचेरीत प्रवेश झाला तो याच खोल्यांतून. प्रथम तेथे टंकयंत्रे होती. पुढे त्याच खोल्यांत, पुष्कळदा त्याच मेजांवर, संगणक आले. हे स्थित्यंतर यंत्रांच्या अदलाबदलीचे नव्हते. संगणकापुढे बसलेल्या नवशिक्याला अडचण आली ती यंत्राच्या अपरिचयामुळे आली, असे समजले जाते. या समजुतीत तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. मराठी लिहू पाहणारा नवशिका खरा अडखळला तो दुसऱ्याच ठिकाणी : यंत्र ज्याला अक्षर म्हणते ते आणि हात ज्याला अक्षर म्हणतो ते, यांच्यातील अंतरात.

कचेरीतील लेखन हे स्वतंत्रपणे शिकावयाचे कौशल्य आहे ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. हेमाडपंताच्या नावाने चालत आलेल्या ‘मेस्तक’ या लेखनप्रशासनविषयक मार्गदर्शिकेची परंपरा पाहिली तरी एवढे स्पष्ट होते की, पत्र कोणास कसे लिहावे, मायना कोणता असावा, हिशेब कसा मांडावा, या गोष्टी केवळ अक्षरओळखीने येत नाहीत हे राज्यव्यवहार चालविणाऱ्यांना ठाऊक होते. मोडी लिपीचे वळण, बोरूची धरणी, रोजकीर्द व खतावणी यांची मांडणी हे सारे वडीलधाऱ्या कारकुनाच्या शेजारी बसून, कित्ते गिरवून शिकले जात असे. या शिक्षणाला परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. ते जातीच्या व घराण्याच्या कुंपणात राहिले याचे कारणही तेच. शेजारी बसण्याची मुभा ज्याला होती त्यालाच ती विद्या मिळे.

मोडीविषयी एक बारीकशी गोष्ट येथेच नोंदविणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचनात तिचे काम पडणार आहे. मोडीत ह्रस्व आणि दीर्घ इकार यांचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. इकाराचे चिन्ह एकच, आणि ते व्यंजनानंतर येते. लेखणी न उचलता डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या हाताला मागे परतावे लागत नाही. बालबोधीत मात्र ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे काढली जाते, उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो. हाताने लिहिणाऱ्याला याचा त्रास नसतो. तो आधी अक्षर काढतो, मग वेलांटी देतो, किंवा उलट करतो. कागदाला क्रम कळत नाही. यंत्राला तो कळतो, आणि येथूनच प्रश्न सुरू होतो.

रेमिंग्टन कंपनीने शोल्स व ग्लिडन यांचे टंकयंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. मुंबईच्या पेढ्या, गिरण्यांच्या कचेऱ्या व सरकारी खाती यांत इंग्रजी टंकलेखन लवकरच रूढ झाले. मराठी टंकलेखनाला मात्र खरे बळ मिळाले ते राज्यनिर्मितीनंतर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने राज्यकारभाराची भाषा म्हणून मराठीस वैधानिक स्थान दिले. कायद्याने भाषा बदलते. कचेरीत ती बदलावयाची तर टंकलेखक लागतात. ‘लिपिक-टंकलेखक’ हे जोडनाव असलेले पद या गरजेतून स्थिरावले. त्या पदासाठी मराठीत मिनिटास ३० किंवा इंग्रजीत ४० शब्द ही गतीची अट उमेदवारांच्या पिढ्यांनी तोंडपाठ केली. यंत्राचाही प्रश्न या सुमारास काहीसा सुटला होता, कारण १९५५ मध्ये गोदरेज अँड बॉइस या मुंबईच्या कंपनीने भारतात टंकयंत्रांचे उत्पादन सुरू केले होते.

टंकलेखनाच्या वर्गातील अध्यापनाची रीत कठोर होती. बोटे कळांवर कोठे ठेवावयाची हे प्रथम, मग एकाच ओळीतील कळांचे आवर्तन, मग शब्द, मग उतारे, मग तक्ते व कार्यालयीन पत्रांचे नमुने. कळफलकाकडे पाहणे हा दोष मानला जाई. शासकीय परीक्षा जवळ आल्या की वर्गातील ठोक्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. कारकुनाच्या घराण्यात न जन्मलेल्या मुलालाही या मार्गाने कचेरीचा दरवाजा उघडता येत होता. फी भरली, गती आली, परीक्षा उत्तीर्ण झाली, की प्रमाणपत्र हाती. मोडीच्या काळात जी विद्या ओळखीने मिळत होती ती येथे परीक्षेने मिळू लागली, हे या वर्गांचे सामाजिक महत्त्व कमी लेखता येणार नाही.

परंतु हा विद्यार्थी शिकत होता काय? मराठी टंकयंत्रावर साधारणपणे नव्वद चिन्हांच्या मर्यादेत सारी देवनागरी बसवावयाची होती. त्यामुळे अक्षरांचे तुकडे झाले. काही अक्षरे अर्धे अंग आणि काना अशा दोन ठोक्यांत पूर्ण होत. ह्रस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी ठोकावयाची, व्यंजन नंतर. रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून ते अक्षर आधी आणि रफार मागाहून. म्हणजे ‘धर्म’ लिहिताना म आधी, त्यापूर्वी उच्चारला जाणारा र नंतर. टंकलेखक शब्द लिहीत नव्हता, शब्दाचे चित्र जुळवीत होता. कागदावर ते चित्र बिनचूक उमटले की काम संपले. या रीतीला त्या काळी कोणी दोष दिला नाही, आणि देण्याचे कारणही नव्हते.

दोष दिला गेला तो लिपीला. लिपीसुधारणेच्या चळवळीत यंत्राची सोय हा एक प्रमुख मुद्दा होता. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशा अ-च्या बाराखडीचा आग्रह धरला तो चिन्हांची संख्या घटविण्यासाठी. लखनौ येथे १९५३ मध्ये भरलेल्या देवनागरी लिपीसुधार परिषदेने तर ह्रस्व वेलांटीच डावीकडून काढून उजवीकडे नेण्याची, तिचा दंड आखूड ठेवून दीर्घ वेलांटीपासून तिला वेगळे करण्याची शिफारस केली. लोकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि काही वर्षांतच ती सोडून देण्यात आली. मुद्दा एवढाच की, वेलांटीचे स्थान हा कचेरीतील यंत्रलेखनाचा खरा पेच आहे हे तेव्हाही जाणत्यांच्या ध्यानी आले होते. उत्तर मात्र त्यांनी डोळ्यांपुढील आकृतीत शोधले.

संगणक भारतीय कचेरीत शिरला तो विरोधाला तोंड देत. बँकांच्या व्यवस्थापनांनी कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाविषयी करार केला. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मधील. त्यानंतर शाखांतून जी यंत्रे बसविली गेली त्यांना ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ असे लांबलचक नाव होते. संगणक म्हटले की नोकरी जाण्याचे भय, तेव्हा खातेवहीत नोंद करणारे सुधारित यंत्र एवढीच ओळख सोयीची. नावाच्या या आडोशात एका पिढीच्या भीतीचा इतिहास दडलेला आहे. याच दशकात खासगी संगणकवर्ग निघू लागले. एनआयआयटी ही संस्था १९८१ मध्ये, अॅपटेक १९८६ मध्ये स्थापन झाली. त्यांची फी सामान्य घराला परवडणारी नव्हती आणि त्यांचा रोख प्रोग्रॅमिंगकडे होता.

कारकुनी कामाचे संगणकशिक्षण त्यांच्या खालच्या थरात, लहान वर्गांतून, सुरू झाले. वर्डस्टार, लोटस १-२-३ आणि डीबेस ही त्रयी तेथील पाट्यांवर झळके. पत्रासाठी पहिले, तक्त्यासाठी दुसरे, याद्यांसाठी तिसरे, अशी विभागणी होती. त्या काळचा नवशिका काळ्या पडद्यापुढे बसे. पडद्यावर काय करता येईल हे दिसत नसे. ते आठवावे लागे. वर्डस्टारमध्ये मजकूर जतन करावयाचा तर कंट्रोलची कळ दाबून क, मग स, यांची रोमन अक्षरे; अशा जोड्या वहीत उतरवून घोकल्या जात. टंकलेखनाच्या वर्गातून आलेल्या विद्यार्थ्याला या पाठांतराचे काही वाटले नाही. त्याची बोटे आधीच शिकलेली होती, कळफलक इंग्रजीपुरता तोच होता, शिफ्ट आणि टॅब ही नावेही जुनीच होती. त्याला नवीन होते ते एवढेच की चूक झाली तर कागद फुकट जात नाही. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक आहे. पण ज्या शिक्षणाची सारी शिस्त चूक न करण्यावर उभारलेली होती, त्यातून आलेल्या माणसाला चूक करून पाहा असे सांगणारे यंत्र समजून घेण्यास वेळ लागला.

तक्त्यांच्या बाबतीत मात्र परंपरा साहाय्यास आली. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क या प्रणालीने पडद्यावर उभ्या-आडव्या रकान्यांचे कोष्टक आणले आणि एका रकान्यातील आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलतील अशी सोय केली. ज्याने कीर्द-खतावणी लिहिली आहे, बेरीज एका पानावरून दुसऱ्या पानावर ओढली आहे, त्याला या सोयीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टॅली ही १९८६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कंपनीची लेखाप्रणाली तालुक्याच्या गावापर्यंत पोचली त्यामागे हेच कारण असावे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ती परकी वाटली नाही.

मराठी लेखनाची गोष्ट निराळी. तंत्रज्ञांनी येथे फार महत्त्वाचे काम केले होते. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे संशोधन झाले ते पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढले. इन्स्क्रिप्ट कळफलक आणि इस्की ही संकेतप्रणाली या प्रयत्नांची फळे. इस्कीचे प्रमाणीकरण १९९१ मध्ये झाले. या दोहोंचा पाया एक होता : लिपी कशी दिसते यावर नव्हे, तर ती कशी उच्चारली जाते यावर संकेत बांधणे. इन्स्क्रिप्टवर स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क हे व्यंजन देवनागरीत ज्या कळीवर त्याच कळीवर बंगालीत व तमिळमध्येही. वेलांटी ह्रस्व असो वा दीर्घ, ती व्यंजनानंतर. पडद्यावर ह्रस्व वेलांटी डावीकडेच दिसते. तिला डावीकडे नेऊन बसविणे हे यंत्राचे काम. लखनौच्या परिषदेला जे कागदावर साधावयाचे होते ते येथे पडद्यामागे साधले गेले, आणि वाचकाच्या डोळ्याला धक्का लागला नाही. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा हात ज्या क्रमाने चालत होता जवळजवळ त्याच क्रमाकडे हा प्रवास परतला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दुर्दैव असे की बाजारात आणि कचेरीत जे रूढ झाले ते हे नव्हे. छपाईच्या व्यवसायाला सुंदर वळणाचे टंक हवे होते आणि टंकलेखकाला आपला जुना कळफलक. दोघांचीही सोय करणाऱ्या प्रणाली निघाल्या. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे चिकटविलेले असत. टंकयंत्राची चित्र जुळविण्याची रीत जशीच्या तशी संगणकात आली. प्रत्येक टंकाचा संकेत वेगळा, त्यामुळे एका कचेरीतील पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थशून्य पसारा दिसे. नावांची यादी अकारविल्हे लावू गेले तर ती भलत्याच क्रमाने लागे, कारण यंत्राच्या दृष्टीने तेथे मराठी नव्हतीच. छापलेला कागद मात्र निर्दोष असे. आणि कचेरी कागदावर चालत होती.

अशा स्थितीत महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. तिने चालविलेला ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम म्हणजे प्राथमिक संगणकशिक्षणाला राज्यभर एकच रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न होय. पद्धत नामी होती. संस्थेने स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. गावोगावच्या खासगी वर्गांनाच अधिकृत केंद्रे म्हणून मान्यता दिली, त्यांना एकच पाठ्यक्रम, एकच परीक्षा दिली. इंग्रजीबरोबर मराठीतूनही तो शिकता येई. ज्या खोल्यांत टंकयंत्रे होती त्यांतील कित्येक खोल्या या रीतीने संगणककेंद्रे झाल्या. शासकीय नोकरीसाठी व नोकरीत टिकण्यासाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर मागणीचा प्रश्नच उरला नाही. विहित मुदतीत ते न मिळविणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढींचा प्रश्न उभा राहिला, तक्रारी झाल्या, प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. वीस-पंचवीस वर्षे शिकविण्यात घालविलेला प्राथमिक शिक्षक आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या केंद्रात, सुट्टीच्या तासाला, माऊस धरण्यास शिकत आहे, हे त्या दशकातले सर्वसामान्य दृश्य होते.

विंडोजच्या पडद्यावर आता घोकण्याचे काम उरले नव्हते. दिसते त्यातून निवडावयाचे. मेज, फाईल, फोल्डर ही रूपके मुळात अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत १९७० च्या दशकात घडली, आणि ज्यांनी ती घडविली त्यांनी कचेरीत बसलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. कापणे आणि चिकटवणे या क्रिया तेथे कात्रीने व डिंकाने खरोखरच होत होत्या. सरकारी कारकुनाला ही रूपके सहज कळली. नस्ती, तिच्यातील टिपणी, ती ठेवण्याचे कपाट हे त्याचे रोजचे जग. परंतु ज्या मुलाच्या घरात कचेरी कोणी पाहिली नव्हती त्याला फाईल म्हणजे काय हे पडद्यावरील फाईलवरूनच कळले. रूपकाने परिचिताच्या आधारे अपरिचित समजवावे अशी अपेक्षा असते. येथे क्रम उलटला. अध्यापकांनी या विद्यार्थ्यांना पेटी व तिच्यातील कप्पे असे दृष्टांत देऊन मार्ग काढला, पण पाठ्यक्रमाने या भेदाची पुरेशी दखल घेतली असे दिसत नाही.

या अभ्यासक्रमावर दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते त्याने ग्रामीण महाराष्ट्र संगणकसाक्षर केला. दुसऱ्याच्या मते त्याने केवळ प्रमाणपत्रे वाटली. दुसरे मत टंकलेखनाच्या वर्गांविषयीही मांडता आले असते. परीक्षेपुरती गती कमावून नंतर ती गमावणारे टंकलेखक काही कमी नव्हते. प्रमाणपत्राच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्याच्या हाताला यंत्राची सवय झाली, भय गेले, हे मोल थोडे नव्हे. वास्तविक आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसऱ्या गोष्टीवर घ्यावा लागतो. ज्या वर्षांत ही लाखोंची शिकवणी चालली, नेमकी तीच वर्षे मराठी संगणकलेखनाच्या संक्रमणाची होती. युनिकोडने इस्कीचेच तत्त्व स्वीकारले होते. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. मुंबईच्या एनसीएसटीत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक तिच्याबरोबर मिळू लागला. पण पुढील विंडोज एक्सपीमध्ये ही सोय मूळ तबकडी घालून, योग्य ठिकाणी खूण करून, मुद्दाम चालू करावी लागे. ज्या केंद्रात ती केली गेली नाही तेथील नवशिक्याला संगणक मराठी जाणतो हे दिसलेच नाही. मराठीतून संगणक शिकणे आणि संगणकावर मराठी लिहिणे या दोन गोष्टी एकच आहेत असा समज झाला, आणि पहिली साधल्यावर दुसरीची निकड वाटेनाशी झाली.

याचा परिणाम कोणावर काय झाला हे पाहिले तर एक विपरीत गोष्ट आढळते. मराठी टंकलेखनात सर्वांत कुशल असलेला माणूसच इन्स्क्रिप्टपुढे सर्वांत मोठा नवशिका ठरला. त्याची बोटे वेलांटी आधी ठोकत. यंत्र ती मागील अक्षराला चिकटवी किंवा टिंबांचे वर्तुळ काढून नकार देई. वीस वर्षांची सवय मोडावयाची आणि तीही निवृत्ती दृष्टिपथात असताना, हे मागणे साधे नव्हते. त्याउलट कधीही टंकयंत्र न पाहिलेला विद्यार्थी बाराखडी म्हणत म्हणत इन्स्क्रिप्ट थोड्या दिवसांत शिके, कारण क-ला वेलांटी कि हे त्याने पहिलीतच पाठ केलेले होते. त्यानंतर तिसरा मार्ग निघाला : रोमन अक्षरांत उच्चार लिहावा आणि यंत्राने त्याची देवनागरी करावी. भ्रमणध्वनीने तो घरोघर नेला. यात शिकण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, हेच त्याचे बळ. मात्र न आणि ण, ल आणि ळ यांचा भेद लहान-मोठ्या रोमन अक्षरांच्या आधाराने करणाऱ्याच्या मनात मराठी शब्द रोमन होऊन उभा राहतो. कचेरीच्या पत्रव्यवहाराला ही रीत पुरते काय, याचा विचार पाठ्यक्रमांनी अद्याप गंभीरपणे केलेला नाही.

गोदरेजने २००९ मध्ये टंकयंत्रांचे उत्पादन थांबविले. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातील यांत्रिक टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा बंद होत जाऊन त्यांची जागा संगणकावरील टंकलेखनाच्या परीक्षांनी घेतली. गतीच्या ३० व ४० या पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र वेगळे आणि टंकलेखनाचे वेगळे ही विभागणीही कायम आहे. लिपिक-टंकलेखक पदाच्या उमेदवाराला दोन्ही मिळवावी लागतात. जुन्या टंकलेखकासाठी तडजोडीची एक युक्ती निघाली. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या हिंदी टंकलेखन चाचणीत उमेदवाराला इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन यांपैकी कोणताही कळफलक निवडता येतो, आणि दोन्हींतून निघणारा मजकूर युनिकोडच असतो. रेमिंग्टन निवडणाऱ्याची बोटे वेलांटी आधी ठोकतात. यंत्र ती क्षणभर अडवून धरते, पुढील व्यंजन येऊ देते, आणि मग तिची नोंद त्याच्यामागे करते.